सव्वीस गेली, एकोणतीस आली

हो वहिनी, आमचीच ती नवी सायकल. ह्यांची नाही, मुलाची नाही, माझी. काल गच्चीवरून वाकून वाकून बघत होतात ते दिसलं मला. हाक मारायची की! या अशा जास्वंदीच्या बाजूला, तिथे भिंत जरा बुटकी आहे. गॅस बंद करून आलात ना? मग बोलू निवांत.

जुनी मोडली नाही हो. ठणठणीत आहे, ती काय जिन्याखाली उभी. मी निवृत्त झाले तेव्हा घेतलेली. गल्लीभर झालं होतं तेव्हा, गणिताच्या बाई आता वेताळ टेकडीवर सायकल चालवणार म्हणे! चालवली की. पण ती सव्वीस इंची, ही एकोणतीस. समोरच्या काकांनी सकाळी फाटकात उभं राहून विचारलं, "तीन इंचांसाठी एवढे पैसे?" ह्यांनी ते आतून ऐकलं आणि हसता हसता चहाचा ठसका लागला. हसू देत. किंमत तुम्हाला सांगेन, पण सासूबाई गावाहून आल्या की त्यांच्यासमोर विषय काढायचा नाही.

नुसती चाकं बदलून नाही भागत. मीही दुकानात आधी तेच विचारलं. मोठं चाक जुन्या फोर्कमध्ये मावत नाही, मागे फ्रेममध्येही मावत नाही. त्यातून जुनीचे ब्रेक रबरी, रिमला दोन बाजूंनी धरणारे. नवी रिम मध्यापासून सव्वा इंच लांब जाते, मग ते रबर धरणार काय, स्पोक? म्हणजे फ्रेम नवी, फोर्क नवा, ब्रेक नवे. उरलं काय? घंटी. ती मात्र जुनीचीच काढून लावलीय, आवाज खणखणीत आहे. टेकडीवर पहाटे फिरायला येणारी मंडळी रस्त्याच्या मधून, चौघं शेजारी शेजारी, आणि कानात ते बोंडूक घातलेलं. वाजवली नाही तर शिव्या आणि वाजवली तरी शिव्या.

आणि हे सव्वीस-एकोणतीस आकडे आहेत ना, यांच्यावर बिलकूल विश्वास ठेवू नका. टायरच्या अंगावर बारीक उठावाची अक्षरं असतात, ती वाचायची. माझ्या नव्या टायरवर ५६-६२२ लिहिलंय. टायरची जाडी ५६ मिलिमीटर, आणि तो रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२. जुनीचा व्यास ५५९. दुकानदार एक मधली दाखवतात, साडेसत्तावीसची, तिचा ५८४. करा वजाबाकी. सव्वीसपेक्षा २५ मिलिमीटरने मोठी आणि एकोणतीसपेक्षा ३८ने लहान. मधली कसली, सव्वीसच्या बाजूला सरकून बसलीय ती! आमच्या मुलाची ऑफिसला न्यायची सायकल बघा, बारीक टायरांची, तिच्यावर ७०० सी असं लिहिलंय. तिचाही व्यास ६२२च. रिमचं माप तेच; जाडजूड टायर चढवला की बाहेरून साधारण एकोणतीस इंच भरतं, म्हणून हे नाव.

खरी गंमत तर पुढेच आहे. मामंजींची काळी सायकल आठवते का? लोखंडी सळ्यांचे ब्रेक, डायनॅमो, मागे हा एवढा कॅरियर. पोटमाळ्यावर आहे अजून, हे टाकू देत नाहीत. ती अठ्ठावीस इंची. तिचा टायर केव्हाच कुजून गेलाय, रिम उघडी. परवा ब्लाउजच्या मापाची टेप घेऊन वर चढले आणि लावली. अहो, अठ्ठावीसची रिम एकोणतीसच्या रिमपेक्षा मोठी! तिचं ठरलेलं माप ६३५, म्हणजे १३ मिलिमीटर जास्त. टायर दीड इंची सडपातळ, म्हणून एकूण उंची कमी भरते, एवढंच. मामंजी त्या सायकलवरून जन्मभर कोथरूड ते शनिवार पेठ गेले-आले, तेव्हा कुणी त्यांना मोठ्या चाकाचे फायदे सांगत बसलं नाही. ॲटलासची होती ती. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, आणि ३ जूनला असतो जागतिक सायकल दिन. आता काय म्हणावं!

मग घेतली कशाला, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. दगडांसाठी घेतली. तुम्ही टेकडीवर वेताळबाबाच्या देवळापर्यंत जाता तो रस्ता बरा आहे. खाणीच्या कडेने कधी गेलात का? पावसाळा संपला की मुरूम वाहून गेलेला, मधोमध चर पडलेला, आणि वर सुटे काळे दगड, कुणी पिशवीतून ओतल्यासारखे. नारळाएवढे नाहीत, मुठीएवढे. चढावर वेग मुळातच चालण्याएवढा, त्यात पुढचं चाक अशा दगडाला टेकलं की सायकल थांबते, पाय खाली, आणि पुन्हा त्या चढावर बसून निघणं या वयात... जाऊ दे.

मी कागदावर मांडून बघितलं. सवयच ती. ७५ मिलिमीटरचा दगड धरा. चाकाच्या मध्यापासून एक रेघ सरळ जमिनीकडे, दुसरी दगडाच्या कडेपर्यंत. या दोन रेघांतला कोन जेवढा कमी तेवढं चाक सहज चढतं. जुन्या चाकाला तो ३९ अंश येतो आणि नव्याला ३७. दोन अंश, वहिनी! जाहिराती वाचल्या तर वाटेल वाटेतले दगड बाजूला होऊन नमस्कारच करतात. मी तो कागद मुलाला दाखवला तर म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, काही फरक नसतो.

पण दगड काही एक नसतो. त्या खाणीच्या वाटेवर दगडाला दगड लागून. प्रत्येकावर थोडी गती वाचते, आणि चढावर मुळात गती एवढीशीच असते, तेव्हा वाचलेली थोडीशीच कामाला येते. चर आला तर मोठं चाक त्यात कमी उतरतं. भाजीवाल्याची हातगाडी ज्या खड्ड्यात रुतते, त्यातून बैलगाडी कशी डुलत निघून जाते, तसं. जिथे मी उतरून सायकल ढकलत होते तिथे आता बसून जाते. सगळीकडे नाही हं. देवळामागच्या त्या पायऱ्यांसारख्या दगडांपुढे अजून उतरतेच, तिथे चाकाचा काही दोष नाही.

तोटे? सांगते ना, मी काय विकायला बसलेय! एकतर जड. चाक मोठं म्हणजे टायर मोठा, रिम मोठी, आणि सगळं वजन कडेला, मध्यापासून लांब. फिरवायला जोर लागतो. पौड फाट्याच्या सिग्नलला हिरवा लागला की मी हलेपर्यंत मागच्या स्कूटरवाल्यांचे हॉर्न. एकदा पळायला लागली की मग थांबायचं नाव नाही, पण पौड रोडला पळू कोण देतंय? दुसरं, गिअर. पायडलची एक फेरी मारली की सायकल आता दहा टक्के जास्त पुढे जाते. ऐकायला छान, पण चढावर तेवढाच पाय भरून येतो. पुढच्या चकतीला ३२ दाते असले तर ते जुन्या सायकलच्या ३५ दात्यांइतके जड पडतात. दुकानातला पोरगा म्हणत होता, "चालेल मॅडम, सवय होईल." म्हटलं, सवय तू कर, मला ३० दात्यांची बसवून दे. तरी किंचित जडच आहे. तिसरं, अरुंद वळणं. ग्लिरिसिडियाच्या झाडांतून ती नागमोडी पायवाट जाते ना, तिथे जुनी चटकन वळायची. हिला आधीपासून सांगून ठेवावं लागतं, बाई आता वळायचंय.

आणि माझी उंची! पाच फूट दोन इंच. दुकानात मला बघितल्याबरोबर त्याने साडेसत्तावीसच बाहेर काढली. तसा तो चुकला नाही हो, कितीतरी कंपन्या लहान फ्रेमला मुद्दाम लहान चाक देतात. चाक मोठं, माणूस लहान, की हँडल छातीशी येतं आणि उतरताना वरची नळी नको तिथे लागते. मी हट्टाने दोन्ही चालवून बघितल्या, दुकानाच्या मागच्या बोळात. हिची वरची नळी चांगली उतरती आहे, खाली उभं राहिलं की चार बोटं जागा राहते, आणि हँडलही खाली बसवून घेतलं. नसतं जमलं तर घेतली नसती. पाच फुटांच्या आतल्या बाईला मी ही घे म्हणणार नाही, मग दुकानदार काही म्हणो.

हे सव्वीसचं माप तरी कुठून आलं, तेही ऐका, तुम्हाला आवडेल. कुणा विद्वानाने बसून ठरवलेलं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरीन काउंटी म्हणून भाग आहे. तिथल्या उनाड पोरांनी सत्तरच्या दशकात जुन्या श्विन सायकली गोळा केल्या, पेपर टाकणारी मुलं वापरायची तशा, जाड्या टायरांच्या, महायुद्धाच्या आधीच्या. त्या डोंगरावर न्यायच्या आणि उतारावर सोडून द्यायच्या. १९७६ पासून शर्यतीच लावायला लागले. उतार असा की मागच्या चाकातला ब्रेक तापून आतलं ग्रीस जळायचं, धूर निघायचा, खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायचं आणि पुन्हा वर. आया काय करत होत्या देव जाणे. तर त्या जुन्या सायकलींची चाकं सव्वीसची, त्यांचेच टायर बाजारात मिळायचे, म्हणून पुढे सगळ्या माउंटन बाइक सव्वीसच्या. बस, एवढंच कारण! त्याच टोळक्यातला एक गॅरी फिशर. १९९९ साली नॅनोरॅप्टर नावाचा मोठ्या चाकाचा जाड टायर आला आणि नंतर हाच फिशर एकोणतीसचा झेंडा घेऊन निघाला. सव्वीसवर नाव कमावलेला माणूस! लोकांनी नाकं मुरडली.

मग ऑलिंपिक. २०१२ ला लंडनमध्ये चेक देशाचा यारोस्लाव कुल्हावी एकोणतीसवर होता आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर साडेसत्तावीसवर. अगदी शेवटपर्यंत दोघं चिकटलेले, आणि कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. एका सेकंदाचं श्रेय चाकाला देणं काही मला पटत नाही, माणसाच्या मांड्या कुठे गेल्या? पण पुढची बातमी ऐका. चार वर्षांनी रिओला शुर्टर एकोणतीसवरच बसून आला, आणि सोनं त्याचं! कुल्हावी दुसरा. आता काय समजायचं ते समजा.

कोपऱ्यावरचे डॉक्टर? त्यांचीही एकोणतीसच आहे की, कार्बनची, एका हाताने उचलता येते. माझ्या आधीपासून आहे. टेकडीवर? अहो, चिखल लागेल ना तिला! हॉलमध्ये टीव्हीच्या वर हूक ठोकून टांगलीय. गणपतीत मखर कुठे बसवायचं यावरून त्यांची नि त्यांच्या बाईंची जुंपली होती, म्हणजे आमच्या कामवाल्या मावशी सांगत होत्या, मी काही विचारायला गेले नव्हते. शेवटी मखर बेडरूममध्ये. आरतीला सगळी गल्ली बेडरूममध्ये उभी, आणि हॉलमध्ये सायकल एकटी.

जुनीचं काय करणार, हे विचारायला एवढा वळसा घेतलात होय! द्यायचीय. कुणाला म्हणजे, चालवणाऱ्याला. तिला नावं ठेवू नका, रस्त्याला आणि साध्या वाटेला ती अजून झकास आहे, हलकी आहे, चटकन उठते. आणि सव्वीसची ट्यूब कुठल्याही गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे मिळते, सिंहगडाच्या वाटेवरसुद्धा. माझ्या मापाची तिथे कोण ठेवतो? मी आपली पाठीवरच्या पिशवीत बाळगते. भाच्याला हवीय का तुमच्या?

भाच्याला नाही? मग सूनबाईला?

अगं बाई! तुम्हाला? मग इतका वेळ मला ऑलिंपिक कशाला सांगायला लावलंत! पैशांचं राहू दे, ते मागाहून. भाऊजींना बोललात का? नसाल तर आत्ताच नका बोलू, आधी बसून तर बघा. तुम्ही माझ्याहून जरा बुटक्या, सीट दोन बोटं खाली घ्यावी लागेल. थांबा तिथेच, एलन की घेऊन येते.