वयोगट पाच ते नऊ

आमच्या सोसायटीची यंदाची दिवाळी किल्ला स्पर्धा सर्वार्थाने अनुकरणीय ठरली. पूर्वी पोरं विटा, पोती नि चिखल जमवून कसलाही उंचवटा उभा करत, त्यावर अळीव पेरत. मावळे तर महाराजांपेक्षा उंच निघत. यंदा बाबालोकांनी रजा काढून राजगडाच्या तिन्ही माच्या नकाशाबरहुकूम उतरवल्या. संजीवनी माचीच्या उतारावरून दोन गृहस्थांत अजून अबोला आहे, यावरून कामाचं गांभीर्य कळावं.

2025मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आहेच. मग पार्किंगमधल्या राजगडालाही तेवढंच संरक्षण हवं. दोरी बांधली, पाटी लावली : ‘मुलांनी हात लावू नये.’ पुढच्या वर्षी मुलांना तिकीट लावून दुरून दर्शन द्यावं, ही आमची नम्र सूचना.

बक्षीस घेताना पहिलीतल्या विजेत्याला किल्ल्याचं नाव विचारलं. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी सांगितलं. टाळ्या.

तेवढ्यात टाकीमागे, उरलेल्या मातीत, चार पोरं कोपरापर्यंत बरबटून काहीतरी उभारताना सापडली. समितीने तत्काळ कारवाई केली : विनापरवाना बांधकाम. माती जप्त, पालकांकडून लेखी खुलासा मागवला आहे.