ओम्नीचे सरकते दार

मारुती ओम्नीचे सरकते दार तीन पट्ट्यांवर चालते. एक पट्टी छताच्या कडेला, दुसरी पायरीत आणि तिसरी बाहेरच्या अंगाला, मागच्या काचेखाली. दाराचे वजन खालचे आणि मधले रोलर पेलतात. वरचा रोलर दार कलू नये एवढेच पाहतो आणि म्हणून सर्वांत उशिरा झिजतो. पट्ट्या पुढच्या टोकाला आतल्या बाजूला वळलेल्या असतात. त्यामुळे बंद होताना दार आधी सरळ पुढे जाते आणि शेवटच्या वीतभर अंतरात आत शिरते. दाराबद्दलच्या बहुतेक तक्रारी, आणि चालकाच्या तोंडचे बहुतेक शब्द, या वीतभरातले असतात.

ही गाडी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८ मध्ये तिची ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये नव्या सुरक्षा नियमांपुढे तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीच्या इंजिनाने या काळात रुग्ण, शाळकरी मुले, वऱ्हाडी, दुधाचे कॅन आणि मोसंबी असा सर्व प्रकारचा माल वाहिला. हिंदी सिनेमाने तिला अपहरणाचे अधिकृत वाहन केले. पडद्यावर तिचे दार एका झटक्यात उघडते आणि त्याच झटक्यात बंद होते, यावरून ती गाडी जालना शहराच्या नवीन जालना भागातली नव्हती एवढे खात्रीने म्हणता येते. इथे दार लावायला अपहृत व्यक्तीलाही आतून हात लावावा लागला असता.

दुरुस्तीपूर्वी आवाज ओळखावा. दार सरकताना सलग खरखर येत असेल तर पट्टीत माती आहे. ‘कुईं’ असा सूर निघत असेल तर रोलरची पिन कोरडी पडली आहे. प्रत्येक वेळी ठरावीक जागी ‘टक्’ होत असेल तर त्या जागी पट्टी चेपली आहे. तोच टक्-टक् सगळ्या वाटेवर येत असेल तर रोलर एका बाजूने चपटा झाला आहे. दार बंद असताना, गाडी खड्ड्यांतून जाताना खडखड होत असेल तर दोष लॉकचा किंवा रबराचा. ‘धाडकन’ या आवाजाचे मूळ मात्र दारात शोधू नये. ते प्रवाशाच्या दंडात असते.

दाराच्या या सगळ्या आवाजांवर नवीन जालन्यात सर्वमान्य उपाय एकच, तो म्हणजे तेल. गॅरेजच्या पोऱ्यापासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांचे याबाबत एकमत असते. इंजिनातून काढलेले काळे ऑइल, शिलाई मशीनचे तेल, वेळप्रसंगी खोबरेल, जे हाताशी असेल ते पट्टीत ओतले जाते. दार दोन दिवस गप्प बसते आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा मोठ्याने बोलू लागते. कारण साधे आहे. या शहरात एकीकडे बियाण्यांचा व्यापार, दुसरीकडे एमआयडीसीत लोखंडी सळ्यांचे कारखाने, आणि चहूबाजूंनी काळ्या मातीचे शिवार. उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ उघड्या पट्टीत येऊन बसते. तेलात कालवली की तिची घोटणारी लुगदी तयार होते, आणि तीत रोलर रोज थोडाथोडा घासला जातो. मालक ज्याला वंगण समजतो, ते त्याच्या दाराला पॉलिश पेपर लावत असते.

फवाऱ्याचा निळा-पिवळा डबा हा सुशिक्षितांचा उपाय. डब्ल्यूडी-४० हे रसायन १९५३ मध्ये अमेरिकेत धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचे पत्रे गंजू नयेत म्हणून ते वापरले गेले. ते अडकलेला बोल्ट सोडवते, गंज सैल करते, पण सतत फिरणाऱ्या रोलरला पुरेल असे जाड वंगण मागे ठेवत नाही. क्षेपणास्त्राला तशी गरज नव्हती. त्यात शाळा सुटल्यावर मुले भरायची नव्हती.

तेव्हा काम सुरू होते ते साफसफाईने, आणि तीनचतुर्थांश काम तिथेच संपते. बाहेरच्या पट्टीला जुना दातांचा ब्रश आणि डिझेलमध्ये भिजवलेले फडके पुरते. पूर्वी घासलेट वापरत. हे द्रव रबरावर सांडू देऊ नये. खालच्या पट्टीचे प्रकरण निराळे आहे. ती पायरीत असल्यामुळे गाडीत चढणारा प्रत्येक जण तिच्यात काहीतरी सोडून जातो. याच जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात सातवाहनकालीन अवशेष सापडले. ओम्नीच्या पायरीचे उत्खननही तशाच शिस्तीने, थराथराने करावे. वरच्या थरात वेफर्सच्या पाकिटाचा कोपरा, पेन्सिलीचा तासलेला कीस आणि मोसंबीच्या बिया मिळतात. त्याखाली दसऱ्याच्या गाडीपूजेतल्या झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि कुंकू. आणखी खाली लग्नसराई, म्हणजे बडीशेप आणि साडीची टिकली. तळाशी घट्ट झालेल्या काळ्या ग्रीसमध्ये रुतलेले एखादे जुने नाणे निघते आणि त्यावर मालक व चालक दोघेही हक्क सांगतात. पेचकसाला फडके गुंडाळून हा सगळा ऐवज वळणाच्या टोकापर्यंत खरवडावा. वळणात खडा राहिला तर बाकीची मेहनत वाया जाते.

पट्टी स्वच्छ झाली की रोलर तपासावेत. दार अर्धे उघडून मागची खालची कड दोन्ही हातांनी वर उचलावी. दार वर-खाली हलले तर मधला रोलर झिजला आहे, हे पान्हा न लावताच कळते. रोलर बदलताना दाराखाली टेकू द्यावा आणि सोबत दुसरा माणूस घ्यावा. शेजारी उभे राहून ‘थोडं इकडं, थोडं तिकडं’ सांगणारे चार जण आपोआप जमतात. ते दुसऱ्या माणसात मोजू नयेत.

अडचण रोलर मिळवण्याची आहे. जे शहर ट्रकच्या ट्रक भरून सळ्या बाहेर पाठवते, तिथे अंगठ्याएवढा रोलर मापाचा मिळेल याची शाश्वती नसते. नवीन जालन्यातला दुकानदार म्हणतो, “भाऊ, जुन्या जालन्यात बघा.” कुंडलिका नदीचा पूल ओलांडून जावे तर तिथला म्हणतो, “नवीन जालन्यात विचारलं का?” शेवटी दोघेही छत्रपती संभाजीनगरचे नाव घेतात. जुना रोलर खिशात घालूनच निघावे. ‘एवढाएवढा’ असे बोटांनी दाखवलेले माप दुकानागणिक बदलते.

ग्रीस यानंतर. रोलरच्या पिनेला थोडे, पट्टीवर बोटाने पुसट हात फिरवल्याइतके. पट्टी ग्रीसने भरण्याचा मोह आवरावा, कारण धूळ त्याचीच वाट पाहत असते. रबरी बिडिंगला ग्रीस किंवा तेल अजिबात लावू नये. खनिज तेलाने रबर फुगते आणि सैल पडते. तिथे सिलिकॉनचा फवारा चालतो, तो नसेल तर अंगाला लावायची टाल्कम पावडर. गाडीला काही दिवस लहान बाळाचा वास येतो, त्याला इलाज नाही.

मग लॉक. दार लॉक होते ते चौकटीवरच्या खुंटीत. झिजलेल्या रोलरमुळे दार खाली बसले की घाईतला मिस्त्री खुंटीचे स्क्रू सैल करून खुंटीही खाली आणतो. दार लागते, मालक खूश होतो, आणि पुढच्या खेपेला नवे रोलर टाकल्यावर दार खुंटीच्या वर आपटते. म्हणून आधी रोलर, मग खुंटी, हा क्रम मोडू नये. खुंटी हलवण्यापूर्वी तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारावी आणि एका वेळी मिलिमीटरभरच सरकवावी. बंद दाराची खडखड उरली असेल तर दाराच्या कडेचे रबरी ठोकळे पाहावेत; ते दगडासारखे कडक झाले असतील तर बदलावेत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवण्याची स्थानिक पद्धत दिसायला ओबडधोबड आहे, पण एक पावसाळा निभावते.

काम नीट झाले की दार एका हाताने सरकते आणि शेवटच्या वीतभरात स्वतःच्या वजनाने आत जाऊन ‘ठप्’ असा एकच आवाज करते. याचा एक दुष्परिणाम नोंदवलेला बरा. गल्लीतल्या मुलांना शाळेची गाडी आल्याचे त्या खरखरीवरून कळत असे; आता गाडीवाल्या काकांना हॉर्न वाजवावा लागतो. आणि जुन्या सवयीने पूर्ण ताकद लावणारे प्रवासी पहिला आठवडाभर दाराबरोबर स्वतःही मागे जातात.

पावसाळ्यानंतर आणि दसऱ्यानंतर पट्टी पुन्हा पुसावी. दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे उजव्या दारालाही हीच कृती लागू आहे, पण ते आधी उघडावे लागते. मुले रहदारीच्या बाजूला उतरू नयेत म्हणून ते कधीतरी आतून बंद केलेले असते, त्याला टेकून स्टेपनी ठेवलेली असते, आणि फटीवर मागच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचे स्टिकर असते. स्टिकर कोमट पाण्याने निघते. उमेदवार पुन्हा उभा असेल तर निकालापर्यंत थांबावे.