इथून भुयार हाय

आमच्या मामांबरोबर किल्ल्यावर जाऊ नका, असं सांगण्यात काही अर्थ नाही. तुम्ही जातच नाही, ते नेतात. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम मोरा, तालुका उरण. तुमच्याकडे ते काका असतील, आतोबा असतील, सोसायटीचे सेक्रेटरी असतील. सुट्टी आली की यांच्या अंगात गड संचारतो, आणि त्या संचारात सगळ्या कुटुंबाला डबे, सतरंजी आणि लहान मुलांसकट चढायचं असतं.

मामांच्या हातात काठी असते, पण ती टेकायची नव्हे, दाखवायची. बुरूज, दरवाजा, तटबंदी ही ठिकाणं काठी घाईघाईनं उरकते. मग ती एखाद्या भोकापाशी थबकते, मामी डोळे मिटून घेते आणि मामा म्हणतात,

"इथून भुयार हाय."

भोक कसलंही चालतं. मुंगसाला अंग चोरून शिरावं लागेल एवढंसं असलं तरी चालतं. दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं, सांडपाण्याची मोरी, ढासळलेल्या कमानीखालची सावली, सगळीकडून भुयार निघतं. कर्नाळ्याच्या त्या अंगठ्यासारख्या सुळक्याखालून निघतं ते पनवेलला. वसईहून निघतं ते ठाण्याला. कुठे निघतं ते ठरत नसेल तर ते रायगडाला निघतं. पुरावा विचारलात तर तोही तयार असतो: फार वर्षांपूर्वी एक वऱ्हाड आत शिरलं, ते बाहेर आलंच नाही. मंग इंग्रजानं तोंड बुजवलं. म्हणून तर आज दिसत नाय.

या युक्तिवादाला तोड नाही. भुयार दिसलं तर ते आहेच, आणि नाही दिसलं तर बुजवलंय म्हणजे नक्कीच होतं. एकदा माझ्या बायकोनं विचारलं होतं, "मामा, वऱ्हाड कशाला जाईल भुयारातून?"

"उन्हाचं," मामा म्हणाले.

मी जावई. मला वाद घालता येत नाही. उलट साक्षीदार म्हणून मलाच पुढे केलं जातं. "जावईबापू, तुम्ही शिकलेले, तुम्हीच बघा, आतून गार हवा येते की नाय?" मी वाकतो, भोकावर तळहात धरतो. पाहुणे बघत असतात. थोडी येते, असं मी म्हणतो. अशा रीतीनं कोकणपट्टीतल्या कित्येक भुयारांवर माझ्या तळहाताचा शिक्का आहे.

मामांना तोडीस तोड माणूस मुरुडच्या जंजिऱ्यावर भेटला. शिडाच्या होडीतून उतरल्यावर जो गाईड मिळाला त्यानं मामांच्या आधीच काठी उचलली आणि सांगितलं की इथून समुद्राखालून राजपुरीला भुयार जातं. मामांचा चेहरा पडला. आयुष्यभर आपण ज्या दुकानात बसलो त्याच्या शेजारीच दुसऱ्यानं तेच दुकान थाटावं तसं झालं. पण हार मानतील तर मामा कसले? ते म्हणाले, राजपुरीला नाय, पद्मदुर्गाला. गाईड म्हणाला, पद्मदुर्ग शिवाजी महाराजांचा, हा सिद्दीचा, शत्रूच्या घरात भुयार कोण काढेल? मामा म्हणाले, शत्रूच्याच घरात काढतात, आपल्या घरात दारातून जाता येतं. दोघांनीही न पाहिलेल्या भुयाराच्या दिशेवरून ती चर्चा इतकी रंगली की कलालबांगडी तोफ आम्हाला आमची आम्हीच पाहावी लागली.

आणि खरं भुयार दाखवलं तेव्हा? ती गोष्ट देवगिरीची. वेरूळला जाताना वाट वाकडी करून आम्ही मुद्दाम मामांना तिथे नेलं होतं. तिथली अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वळत जाणारा काळोखा जिना, शत्रूला आतच चुकवून मारण्यासाठी केलेला. आत वटवाघळांचा वास, पायाखालचं दिसत नाही, पोरं किंचाळतायत. आम्हाला वाटलं, मामांच्या जन्माचं सार्थक झालं. वरच्या उजेडात आल्यावर ते खिन्नपणे धोतर झटकत म्हणाले, "हा जिना झाला. भुयार म्हंजे काय, बाहेर निघता आलं नाय पायजे."

अटल सेतू सुरू झाला, 12 जानेवारी 2024, तेव्हा सगळं उरण त्याच विषयावर बोलत होतं. शिवडीपासून न्हावा-शेवापर्यंत 21.8 किलोमीटर, त्यातले साडेसोळा नुसते समुद्रावर. मामांनी टीव्हीवर तो सोहळा शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "येवढे पैशे घातले. हाय ते भुयार साफ केला असता तरी झाला असता." त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. पण आम्ही मोऱ्याला यायचं ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचनंच, असा मामांचा दंडक आहे. पुलावरून किंवा गाडीनं येणं म्हणजे मागच्या दारानं येणं.

आमचा घरचा किल्ला म्हणजे उरणचा द्रोणागिरी. पायथ्याच्या करंज्याला द्रोणागिरी देवीचं देऊळ आहे. मारुतीनं उचलून नेलेल्या डोंगराचा तुकडा इथे पडला, असं सांगतात. वर आता झाडोरा आहे, थोडीफार तटबंदी आणि पोर्तुगीज चर्चचे अवशेष. 1534 च्या तहानं वसई पोर्तुगिजांना मिळाली, त्यानंतर हा भागही त्यांच्या हाती गेला. दोनशे वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच साली मानाजी आंग्र्यांनी तो पोर्तुगिजांकडून काढून घेतला. हा इतिहास मामांना पाठ आहे. फक्त त्यांच्या इतिहासात मानाजी आंग्रे भुयारातून येतात.

"मामा, ज्याच्याकडे आरमार आहे तो भुयारातून कशाला येईल?"

"म्हनून तर पोर्तुगिजाला कलला नाय."

गेल्या हिवाळ्यात पोरांच्या शाळेला सुट्टी होती म्हणून आम्ही एक रविवार ठरवला. मामांनी फोनवरच तो मोडला. "पुनव हाय. संध्याकाली मोऱ्यालाच ऱ्हावा लागंल. अष्टमीला या." आम्ही चिडलो. रजा टाकावी लागली. बायको म्हणाली, आता मामा मुहूर्तही काढायला लागले.

मुहूर्त नव्हता तो. मोऱ्याच्या बंदरात गाळ आहे. मोठी ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही आणि तासन्‌तास वाहतूक बंद राहते. आणि भरतीची वेळ मामा कॅलेंडरात बघत नाहीत. तिथीला पाऊणनं गुणायचं, की तितक्या वाजता मुंबईच्या पाण्याला भरती. आठ पाउणे सहा, म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमाराला बंदरात पाणी. पुनवेला तीच भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे संध्याकाळी सहाला चिखल. लहानपणी ज्या पाउणकीच्या पाढ्यासाठी आमच्या आजोबांनी छड्या खाल्ल्या, तो पाढा अजून कुणाच्या पोटापाण्याच्या उपयोगी पडत असेल असं मला वाटलं नव्हतं. मामा निवृत्त होईपर्यंत लाँचवर सारंग होते. धुकं, पाऊस, मध्येच उभी ठाकलेली मोठमोठी जहाजं, या सगळ्यातून त्यांनी माणसं इकडची तिकडे नेली. याबद्दल त्यांनी स्वतःहून एक वाक्य कधी काढलेलं नाही. काठी घेऊन ते सांगतात ते सगळं नसलेलं. असलेलं सगळं विचारून विचारून काढावं लागतं.

तर त्या अष्टमीला आम्ही द्रोणागिरी चढलो. चर्चच्या पडक्या भिंतीपाशी रीतसर भुयार निघालं, घारापुरीला जाणारं. मी तळहात धरला, हवा आली. मग सगळे सावलीत टेकलो. तिथून सगळा मुलूख दिसतो: घारापुरी, खाडीपलीकडचं रेवस, तेलवायू प्रकल्पाच्या चिमण्या, आणि उत्तरेला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनांची रांग.

माझ्या मुलीनं विचारलं, "मामाआजोबा, तुमचं जुनं घर कुठे होतं?"

मामांचं मूळ गाव शेवा. तिथला कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला आणि 1989 मध्ये बंदर सुरू झालं. उठवलेल्या माणसांना उरणजवळ जागा मिळाली, हनुमान कोळीवाडा. तिथल्या घरांना वाळवी लागली. कंटाळून मामा मामीच्या माहेरी, मोऱ्याला आले. हे मला बायकोकडून तुकड्या-तुकड्यानं कळलेलं. मामांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

काठी उठली. पण या वेळी ती भिरभिरली नाही. "त्या तिसऱ्या क्रेनच्या डाव्या पायाखाली. म्होरं विहीर. विहिरीच्या अंगाला चिच. तितं जाली सुकवायचो." ना वऱ्हाड, ना इंग्रज. सगळी मापं एखाद्या गवंड्यानं दिल्यासारखी. मी त्या दिशेला पाहिलं. मला क्रेनच दिसली.

मुलगी आता तयार झालेली. तिनं विचारलं, "तिकडे जायला भुयार आहे?"

"नाय," मामा म्हणाले. "तितं पास लागतो."

मामीनं लगेच डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, तळलेल्या वाकट्या. मामांनी दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या आणि उतरताना त्यांना आणखी एक भोक सापडलं. ते कुठे जातं हे मी स्वतःहून विचारलं, तेव्हा मामीनं माझ्याकडे असं पाहिलं की जावई नसतो तर काही खरं नव्हतं.

साडेपाचला मोऱ्याच्या धक्क्यावर आलो तर पाणी पायऱ्यांना लागलेलं, लाँच तयार. मामांनी आमची डोकी मोजली, पोरांना आतल्या बाजूला बसवलं, सारंगाला दोन सूचना केल्या. त्यानं त्या निमूट ऐकून घेतल्या. मी म्हटलं, मामा, एकदा पोरांना लाँचवरच्या गोष्टी सांगा की.

"त्यात काय सांगायचा? पानी आला की जायाचा, गेला की थांबायचा."

दोर सुटला. मामा धक्क्याच्या टोकापर्यंत चालत आले, तोंडाशी हात धरून ओरडले, "पुढच्या अष्टमीला कर्नाला! बॅटऱ्या आना!"

मागून मामीचा आवाज आला, "भाकऱ्या मी करनार नाय, आताच सांगून ठेवते!"