आपल्या बंगल्याखालचा डोंगर विंचूरला मिळणेबाबत

प्रति,
इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरातले समस्त बंगलेदार, प्लॉटधारक आणि रविवारी साइट पाहायला निघालेले इच्छुक,
यांना विंचूर (ता. निफाड, जि. नाशिक) येथील एका रहिवाशाचा सप्रेम नमस्कार.

विषय : वरीलप्रमाणे.

महोदय,

आपण डोंगरात राहायला गेलात, त्याबद्दल आधी अभिनंदन. ही बातमी आम्हाला रस्त्याकडेच्या फ्लेक्सवरून कळली. एकाच प्लॉटला 'डोंगराच्या कुशीत', 'जंगलाच्या सान्निध्यात' आणि 'ढगांच्या शेजारी' असे तीन पत्ते पाहून पोस्टमनची काळजी वाटली. पण कुरिअरवाले हल्ली लोकेशनवर येतात म्हणे. त्याच फ्लेक्सवर खाली बारीक अक्षरांत 'गावापासून फक्त 10 मिनिटे' असंही होतं. गावापासून लांब तर जायचं, पण हाक मारली की गावानं दूध, भाजी, प्लंबर आणि मोलकरीण घेऊन वर यायचं. एवढी चोख सोय पुराणातल्या ऋषींनाही नव्हती.

आता अर्जाचं कारण. विंचूरला डोंगर नाही.

ही उणीव आजची नाही. पानिपत पाहिलेले सरदार विठ्ठल शिवदेव आमचे, त्यांच्या घराण्याला विंचूरकर म्हणू लागले ते या गावावरून. इतरांना डोंगरी किल्ले मिळाले, आमच्या वाट्याला सपाटीवरचा वाडा आला. पुण्यातही एक विंचूरकर वाडा आहे, तिथे टिळक राहून गेले. म्हणजे वाड्यांच्या बाबतीत आम्ही परगावीही सधन. डोंगराच्या बाबतीत घरीसुद्धा कफल्लक. उत्तरेला चांदवडकडे सातमाळ्याची रांग आहे, हवा स्वच्छ असली की ती पाहुण्यांना दाखवतो. पाहुणे विचारतात, 'किती लांब?' मग आम्ही विषय कांद्याकडे वळवतो.

डोंगर सोडला तर बाकी काहीच कमी नाही, हे मात्र अभिमानाने नमूद करतो. आपण थंड हवेसाठी वर गेलात ना? थंडी खाली आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून हिवाळ्यात पेपरात ज्या गावाचं नाव वारंवार येतं, ते महाबळेश्वर नव्हे, आमचं निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्या खाली उतरला होता. हवा कोरडी, आभाळ मोकळं, आणि गार हवा जड म्हणून सखल जागी उतरून बसते, इतकं ते साधं आहे. आपण वर गॅलरीत शाल पांघरून फोटो काढता, त्या पहाटे इथे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देतात, नाहीतर मणी तडकतात. थंड हवेचं ठिकाण म्हणून आमची जाहिरात कुणी केली नाही, कारण या थंडीचा आम्हाला खर्च येतो.

संध्याकाळच्या ग्लासाचंही तेच. राज्याचं 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, त्यानंतर एमआयडीसीनं वाईन पार्क काढला तो विंचूरला. आपल्या गच्चीवरून सूर्य डोंगराआड जाताना हातात जे काही असतं, त्यातलं द्राक्ष बहुधा आमच्याच बाजूच्या मातीतलं असतं. पक्षी पाहायचे तर नांदूरमध्यमेश्वर आमच्याच तालुक्यात. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालं. आणि तिथे पक्षी का येतात हे आपल्याला माहीत असायला हवं, कारण त्यात आपला हातभार आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साठला, गाळावर पाणवनस्पती वाढल्या, त्यांच्यामागे पाखरं आली. तो गाळ आमचा एकट्याचा नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडून गोदावरी-दारणेतून वाहत आलेला आपला डोंगरही त्यात आहे. म्हणजे डोंगर आमच्याकडे हप्त्याहप्त्याने येतोच आहे. आम्ही फक्त तो एकरकमी मागतो आहोत.

राहता राहिलं जंगल. तेही आहे, सरळ रेषेत लावलेलं, बारा महिन्यांनी तोडणीला येणारं आणि कारखान्याला जाणारं. पण बिबट्याला त्यानं काही फरक पडत नाही. त्याला उसात सावली मिळते, पाटात पाणी मिळतं आणि वस्तीवर कुत्रं, शेळी, डुक्कर मिळतं. मादी उसातच पिल्लं घालते, आणि त्या पिल्लांनी डोंगर कधी पाहिलेलाच नसतो, आमच्यासारखाच. आपल्या रांगेच्या पलीकडच्या अंगाला, अकोले तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून बिबटे मोजले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला तो हिशेब असा, की चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात अशा मुलखात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे नांदतात. जुन्नरकडे 2001 नंतर बिबटे पकडून लांब जंगलात नेऊन सोडण्याचा सपाटा लागला होता. त्यानंतर हल्ले कमी व्हायचे ते वाढले, हेही याच अभ्यासकांनी दाखवलं. तेव्हा 'आपला बिबट्या परत घेऊन जा' अशी मागणी आम्ही करत नाही. तो आता इथला रहिवासी आहे, फक्त त्याचं नाव मतदार यादीत नाही.

तरीपण अदलाबदल पाहा. जंगलात कोण राहतं असं पोराला विचारलं तर पूर्वी 'बिबट्या' हे उत्तर बरोबर होतं. आता जंगलात आपण राहता आणि बिबट्या निफाड तालुक्यात. आपल्याला रात्री तो दिसला तर आपण व्हिडिओ करून ग्रुपवर टाकता. आमच्याकडे थ्री फेज लाइट रात्रपाळीची असली की माणूस एका हातात बॅटरी आणि खिशात मोठ्यानं गाणी लावलेला मोबाइल घेऊन पाणी भरायला जातो. गाणी त्याला आवडतात म्हणून नव्हे. आवाजानं जनावर बाजूला होतं म्हणून. यात माणसं गेली आहेत, अंगणातून लहान पोरं गेली आहेत. त्याबद्दल उपरोधानं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एवढंच म्हणतो, की 'वन्यजीवांचा सहवास' ही सुविधा आपल्या प्लॉटच्या किमतीत धरलेली असते. आम्हाला ती फुकट मिळाली आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याला डोंगर हवा होता म्हणून आपण डोंगरात प्लॉट घेतला. मग प्लॉट सपाट हवा म्हणून पोकलेन आणून डोंगर काढला. मग डोंगर काढल्यावर जी उभी दरड राहिली ती अंगावर येऊ नये म्हणून भिंत बांधली, आणि भिंतीमुळे डोंगर दिसेना म्हणून वर एक मजला चढवला. सपाटच जागा हवी होती तर विंचूरला यायचं होतं. आमच्याकडे पृथ्वी तयार सपाट मिळते, पोकलेनचं भाडं वाचतं. असो. जे झालं ते झालं; पण त्यातून निघालेल्या मुरुमाचं आपण काय केलंत? रस्त्याच्या भरावाला गेला, ओढ्यात लोटला, कुणाच्या तरी खाचरावर पडला. आमची नम्र विनंती, की यापुढे निघणारा प्रत्येक ब्रास विंचूरला, तीन पाटी नाक्याजवळ आणून टाकावा. आम्ही तो रचू. दहा-पंधरा वर्षांत आमचा डोंगर उभा राहील आणि आपला बसेल, म्हणजे उभयतांना जे हवं होतं ते मिळेल.

डोंगराबरोबर झाडं पाठवण्याची तसदी घेऊ नये. ऐन, हिरडा, जांभूळ आपण आधीच काढलेली असणार. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, एवढा धीर ना आपल्याला ना आम्हाला. आपण लावता तेच आम्ही लावू : रॉयल पाम, फायकस आणि मेक्सिकन लॉन. म्हणजे विंचूरच्या डोंगरावर उभं राहिलं की हुबेहूब आपल्या डोंगरावर उभं राहिल्यासारखं वाटेल.

हा व्यवहार कायद्यात बसवण्याची काळजी करू नये. डोंगराच्या बाबतीत कागद किती सोशिक असतो याचा अनुभव आपल्याला आहेच. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. कुठली गावं संवेदनशील हे सांगणारा मसुदा केंद्राने 2014 मध्ये काढला आणि पुन:पुन्हा काढत 31 जुलै 2024 रोजी सहाव्यांदा काढला. फ्लेक्स मात्र एकदाच छापावा लागतो. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, असं महसूल संहितेचं कलम 36 अ म्हणतं. कुळकायदा म्हणतो की शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं. या दुसऱ्या नियमाचं आम्हाला फार कौतुक आहे. आमच्याकडची पोरं भाव पडले की शेती सोडायच्या गोष्टी करतात, आणि आपण गाडीतून उतरून शेतकरी होण्यासाठी दाखले शोधता. शेतकरी व्हायची इतकी ओढ आम्ही विंचूरच्या अख्ख्या कांदा उपबाजारात कुणाच्या तोंडावर पाहिली नाही.

2021 मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरला गेला, तेव्हा नाशिकचे पर्यावरणवाले आंदोलनाला उभे राहिले. गोदावरी जिथे उगम पावते तिथेच पोकलेन, म्हणून लोक चिडले. आपल्या बंगल्याखालून कुठली नदी उगम पावत नसेल कदाचित, पण पाणी तर उतरतंच. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. निफाडला त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी आम्ही समाधानी. आमचं पीक आभाळापेक्षा कालव्यावर उभं असतं. दारणा धरण 1916 पासून त्या डोंगरांचं पाणी साठवून खाली सोडतं आहे; आम्ही पालखेडच्या आवर्तनाकडे डोळे लावतो, खालचे नगरवाले आणि त्याहून खालचे मराठवाड्यातले आमच्याकडे डोळे वटारतात. वैतरणेचं पाणी तर थेट मुंबईला. त्या पाण्याच्या मागावर मुंबईकर उलटा वर चढत आला असावा, असा आमचा अंदाज आहे. 5 जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पाही खुला झाला, आता त्याला घाटात अडकायचीही भीती नाही.

या सगळ्या पाण्याच्या अगदी मुळाशी जी माणसं राहतात त्यांची आपल्याशी ओळख झाली असेलच. ठाकरवाडीतली, पाड्यावरची. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई एप्रिल-मेमध्ये उशिरा का येते असं आपण विचारलं असेल. ती पहाटे विहिरीच्या तळाशी वाटीनं हंडा भरत असते. धरणांच्या तालुक्यात ही गोष्ट दर उन्हाळ्यात छापून येते, फोटोसकट. तिच्या पाड्याच्या वरच्या अंगाला आपला तरणतलाव आहे, त्याची निळी फरशी खालून फार छान दिसते, असं ऐकतो. या बाईला आपल्याइतकी वर्षं नव्हे, पिढ्या झाल्या डोंगरात. पण 'निसर्गाच्या सान्निध्यात राहते' असं तिच्याबद्दल कुणी म्हणत नाही. तिला सोयीसुविधांपासून वंचित म्हणतात.

आणि डोंगर खाली येतो तेव्हा तोही पत्ता विचारून येत नाही. 30 जुलै 2014 ला माळीणवर आला, 151 माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर आला. एकीकडे महादेव कोळी, दुसरीकडे ठाकर. फ्लेक्सवर त्यातल्या कुणाचं नाव कधी नव्हतं.

शांततेबद्दल एक अनाहूत सल्ला. ती खरोखरच हवी असेल तर आपल्याच इगतपुरीत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, 1976 पासून. दहा दिवसांचं शिबिर, त्यात बोलायचं नाही, मोबाइल जमा करायचा, शिकवण्याचं शुल्क नाही. आपल्याकडच्या शनिवारच्या स्पीकरचा आवाज ऐकून डोंगरातली माकडं तिकडे नाव नोंदवायच्या विचारात आहेत, असं कळतं.

तरी वरील विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. मोबदल्यात आपल्याला प्रत्येक डंपरमागे उन्हाळ कांद्याची एक गोणी देऊ. गोल्टी नव्हे, चाळीतला निवडक माल. भाव त्या आठवड्यात काय असेल हे सांगता येत नाही, पण मुरुमापेक्षा जास्त असावा अशी आशा आहे.

आपला,
सपाटीवरचा एक विंचूरकर

ता. क. : डंपर दिवसा पाठवावेत. रात्री लाइट असते, शेतात माणसं असतात, आणि उसातलं जनावर गाडीच्या दिव्याला बुजून नेमकं त्यांच्याच बाजूला पळतं.