तळाला कोण पाहतो?

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीतून डोलकाठ्या, शिडे, दोर, तोफा आणि सुकाणू वजा केल्यावर जे उरते त्यास धड म्हणावे, आणि या धडाच्या बाहेरील अंगास घासून, भरून, पुन्हा घासून रंग देण्याच्या क्रियेस, कारागिराच्या घरातील इतर माणसे तिला निराळ्या नावांनी संबोधत असली तरी, रंगकाम म्हणण्याचा प्रघात आहे. हे काम म्हणजे प्रतिकृतीचा किरकोळ, शेवटचा आणि सुखाचा भाग असा समज नवशिक्यांत आढळतो, आणि तो रंगाच्या पहिल्या डब्याचे झाकण उघडेपर्यंत टिकतो.

या समजाचे मूळ लोकव्यवहारात आहे. लग्न ठरले की घराला रंग काढतात, मंत्र्यांचा दौरा ठरला की रस्त्याच्या दुभाजकाला काळेपिवळे पट्टे मिळतात, आणि ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपरचा हात फिरवून नवा भाडेकरू आणला जातो. म्हणजे रंग झाकतो, याबाबत समाजात मतभेद नाहीत. जहाजाच्या धडावर मात्र रंग फितूर साक्षीदारासारखा वागतो आणि ज्याने त्याला उभे केले त्याच्याच विरुद्ध बोलू लागतो. याचे कारण साधे आहे. उघड्या लाकडावर रेषा असतात, गाठी असतात, फिकट-गडद पट्टे असतात, आणि या गर्दीत नजर हरवल्याने लहानसहान खड्डे खपून जातात. परंतु सर्वत्र एकच रंग आणि एकच चकाकी आली की उजेड त्या पृष्ठावरून सरळ घसरत जातो, आणि जेथे तो अडखळतो तेथे पाहणाऱ्याचे बोटही हमखास जाऊन थांबते.

प्रस्तुत विवेचनासाठी ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची १:१०० प्रमाणातील प्रतिकृती विचारात घेतली आहे. मूळ नौका मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, सागवानात बांधली गेली आणि १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. तिचे पहिले नकाशे ज्या ‘जावा’ नावाच्या जहाजातून पाठवले होते ते जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गमावल्यामुळे नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले होते. ही नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट असल्याने प्रतिकृतीचे धड साधारण ४६ सेंटिमीटर, म्हणजे दोन पोळपाट शेजारी ठेवल्याइतके भरते. एवढ्याशा पृष्ठाला किती वेळ लागणार, असा प्रश्न घरात एकदा विचारला गेला होता. तो जून महिना होता, आणि पुढच्या जूनमध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, या वेळी प्रश्नचिन्हाशिवाय.

अशा प्रतिकृतीत कण्यावर आडवे पडदे उभे करून त्यांवर पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, पाण्यात भिजवून व वाकवून, एकीला एक लावून चिकटवतात. दोन पट्ट्यांमध्ये राहिलेल्या फटीत लांबी भरावी लागते. लांबी म्हणजे रंगारी भिंतीची व लाकडाची भोके बुजवण्यासाठी जी कणकेसारखी पुटी वापरतात ती. आणि तिचा स्वभाव असा, की ओली असताना ती फट भरते आणि वाळताना आक्रसून पुन्हा फट दाखवते. लांबी वाळल्यावर घासकाम येते. पॉलिश पेपरवरील क्रमांक जितका मोठा तितके त्याचे कण बारीक, म्हणून १२० पासून आरंभ करून २२०, ३२० व ४०० अशा चढत्या भाजणीने जावे असे शास्त्र सांगते. कागद बोटाला गुंडाळून न घासता लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासावा, कारण बोट मऊ असल्यामुळे मऊ लाकडात खोल उतरते आणि कठीण गाठीवरून नम्रपणे पुढे सरकते, हेही शास्त्रच सांगते. मध्येच ओल्या फडक्याने लाकूड पुसले असता दबलेले तंतू दाढीच्या खुंटासारखे उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा घासावेत, असे एक उपकलम आहे. या सर्व घासण्यातून निघणाऱ्या भुशाविषयी ग्रंथ मौन बाळगतात. प्रस्तुत लेखकाच्या निरीक्षणानुसार हा भुसा गॅलरीत निर्माण होतो, दोन बंद दारे ओलांडतो आणि फडताळातील चिवड्याच्या डब्यावर स्थिरावतो. चिवडा त्या दिवशी कुरकुरीत नव्हता याचेही खापर त्याच्याच माथी फुटते.

घासकामानंतर प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा, पातळ हात दिला जातो, आणि खऱ्या अर्थाने खटला येथे सुरू होतो. अस्तर बहुधा राखाडी असते, आणि राखाडी रंगाला भिडमुर्वत नसते. दिवे मालवून, विजेरी धडाच्या अंगाला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला असता पडद्यांच्या जागा उंच आणि मधल्या जागा खोलगट दिसतात, आणि जी नौका काल सायंकाळपर्यंत राजहंसासारखी वाटत होती ती दुष्काळातील बैलासारखी बरगड्या दाखवत उभी राहते. यावरील उपाय म्हणजे पुन्हा लांबी, पुन्हा कागद, पुन्हा अस्तर. हे आवर्तन नेमके किती वेळा करावे याबाबत नियम नाही. रात्री एक वाजता अंधाऱ्या गॅलरीत विजेरी घेऊन एक गृहस्थ ओणवे होऊन काय शोधत आहेत, असे समोरच्या इमारतीतून विचारले जाईपर्यंत ते करावे, हा प्रस्तुत लेखकाचा संकेत आहे.

येथे प्रमाणाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण कारागिराचे निम्मे दुःख त्यात आहे. १:१०० प्रमाणात प्रत्येक वस्तू मनाने शंभरपट करून पाहावी लागते. म्हणून रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला तरी खऱ्या जहाजावर एक सेंटिमीटर जाडीचा गिलावा चढवल्यासारखे होते. ब्रशचा सुटलेला केस दोरखंडाएवढा ठरतो. आणि ओल्या रंगावर येऊन बसलेला पाच मिलिमीटरचा डास हा अर्ध्या मीटरचा, पंख पसरून चिकटलेला प्राणी होतो, ज्याची नोंद कोणत्याही नौदलाच्या दफ्तरात सापडत नाही. चिमट्याने डास निघतो, परंतु त्याचे पाय राहतात. थर पातळ ठेवण्यासाठी रंगात थिनर घालावे, तर रंग ओघळतो. ओघळू नये म्हणून दाट ठेवावा, तर ब्रशाच्या खुणा नांगरटीसारख्या उठतात. आणि दोन्ही टाळण्यासाठी फवाऱ्याचा डबा आणावा, तर तो दुरून मारल्यास रंग हवेतच अर्धा वाळून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो आणि जवळून मारल्यास पुन्हा ओघळतो. मधले योग्य अंतर २० ते ३० सेंटिमीटर आहे. त्या अंतरात गॅलरीतील वाऱ्याची झुळूक येते, आणि झुळुकीच्या पलीकडे दोरीवर वाळत घातलेली पांढरी बनियन असते.

रंग कोणता द्यावा हा प्रश्न त्याहून अवघड, कारण त्याचे उत्तर इतिहासाने द्यायचे असते आणि इतिहास आपले मत बदलतो. पोर्ट्समथ येथे जतन केलेल्या ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या जहाजाचे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या नारिंगीकडे झुकणारे गडद पिवळे होते, आणि असंख्य हौशी मंडळींनी त्या पिवळ्याची नेमकी छटा साधण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. पुढे रंगाच्या जुन्या थरांची तपासणी झाली आणि २०१५ मध्ये जहाजाला फिकट, गुलाबीकडे झुकणारा रंग देण्यात आला. काचेच्या कपाटांतील पिवळ्या नौका त्यामुळे एकाएकी चुकीच्या ठरल्या. आपली प्रतिकृती २०१५ पूर्वीच्या जहाजाची आहे, हा यावरील युक्तिवाद मात्र बिनतोड मानावा लागतो.

पाण्याखालील भागाची कथा आणखी रोचक आहे. लाकूड पोखरणारा जहाजकिडा, जो वस्तुतः किडा नसून शिंपल्यांच्या कुळातील प्राणी आहे, तळाची चाळण करीत असल्याने ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला प्रयोगादाखल तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहणी झाली तेव्हा तांबे ठणठणीत होते, परंतु जेथे तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले होते तेथील लोखंडी खिळे झिजून गेले होते. काही खिळे तेवढे शाबूत राहिले, कारण पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद कामगारांनी तेथे तसाच राहू दिला होता. कामचुकारपणाने विज्ञानाची इतकी थेट सेवा क्वचितच केली असेल. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याची झीज थांबवण्यासाठी त्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली आणि ती पूर्ण यशस्वी झाली. तांबे झिजेनासे झाले, आणि झिजणाऱ्या तांब्याचे विषच शंखशिंपल्यांना दूर ठेवत असल्यामुळे तळावर त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. फडताळावर आयुष्य काढणाऱ्या प्रतिकृतीला जहाजकिड्याचे भय नसते (वाळवीचे असते, परंतु तिला तांब्याशी देणेघेणे नाही). तरीही निष्ठावंत कारागीर सुमारे चार फूट लांब व चौदा इंच रुंद अशा मूळ पत्र्यांच्या मापाने, म्हणजे बारा मिलिमीटर बाय साडेतीन मिलिमीटर, असे शेकडो तुकडे तांब्याच्या चिकटपट्टीतून कापून एकेक डकवतात. प्रस्तुत लेखकाने असे सत्तावीस तुकडे डकवले आणि नंतर तळ तपकिरी-तांबूस रंगवण्याचा निर्णय घेतला.

ऋतूचाही विचार व्हावा. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढून झाकल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी व रंगरंगोटी होते. कोळी बांधवांचा हात मोठा असतो, ब्रश रुंद असतो आणि समोर समुद्र वाट पाहत असतो, त्यामुळे त्यांचे काम संपते. शहरातील हौशी कारागीर भर आषाढात सेल्युलोजचा लॅकर उघडतो. त्यातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठ थंड पडते, दमट हवेतील पाणी त्यावर दव धरते, आणि काळ्या धडावर ताकासारखी पांढुरकी झाक येते. हवा कोरडी होईपर्यंत थांबावे, एवढाच तिच्यावर खात्रीचा इलाज आहे. धड मग पंख्याच्या हुकाला टांगले जाते, आणि पंखा दोन महिने जमिनीवर राहतो.

वरचा काळा आणि खालचा तांबूस यांच्यामधील जलरेषा आखण्याची रीत अशी, की धड स्टँडवर समपातळीत पक्के करून, ठोकळ्यावर ठरावीक उंचीला बांधलेली पेन्सिल त्याच्याभोवती फिरवावी. डोळ्याच्या अंदाजाने आखल्यास रेषा नाळेकडे वर चढते आणि नौका हसू लागते. रेषेवर मास्किंग टेप लावून तिची कड नखाने दाबावी, कडेवर आधी खालच्या थराचाच रंग फिरवून बारीक वाटा बंद कराव्यात, म्हणजे जे झिरपेल ते आपल्याच रंगात मिळून जाईल, आणि मग वरचा रंग द्यावा. तो पुरता कडक होण्यापूर्वी टेप स्वतःवर दुमडत सावकाश ओढायची असते. या क्षणी अंतरपाट दूर होण्याआधीची शांतता पसरते, आणि बहुधा तितकीच अपरिवर्तनीय गोष्ट नजरेस पडते. प्रस्तुत प्रतिकृतीत डावी रेषा उजवीपेक्षा तीन मिलिमीटर खाली निघाली. गणिताने तीस सेंटिमीटर.

अखेरच्या वॉर्निशाच्या वेळी कण्यालगत, अगदी तळाशी, एक ओघळ सुटला. तो घासून काढणे शक्य होते. परंतु तेरा महिने झाले होते, पंख्याची मागणी वाढली होती, आणि जहाजाचा तळ कोण पाहतो, या तत्त्वाला प्रथमच मान्यता देण्यात आली. त्यानंतर ही नौका कोठे ठेवावी याचा विचार घरात झाला, आणि भाच्यांची बोटे व फडक्याचे फटकारे यांपासून ती सुरक्षित राहावी म्हणून बैठकीतील उंच कपाटाच्या माथ्यावर, अगदी कडेशी, तिची स्थापना झाली. तेथे डेक दिसत नाही, तोफा दिसत नाहीत, दोरांचे ते नाजूक जाळेही दिसत नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसास नौकेचा केवळ तळ दिसतो. गणपतीत आलेले मामा चहाचा कप हातात धरून बराच वेळ वर पाहत होते. मग त्यांनी कपाटामागच्या भिंतीकडे एकदा बघून घेतले आणि विचारले, “वरच्या मजल्यावरून गळतंय का रे?”