मा. कॅरीबॅगबाईंना जाहीर पत्र

मु. पो. जवळा बाजार,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली

मा. कॅरीबॅगबाई ऊर्फ पन्नीबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, २३ जून २०१८ पासून तुम्ही महाराष्ट्रातून हद्दपार आहात, असं कानावर आहे. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिन्यांची कैद. पुढे केंद्र सरकारनेही ३१ डिसेंबर २०२२ पासून तुम्हाला १२० मायक्रॉनची अट घातली. आमच्या बाजारात मायक्रॉन मोजायचं यंत्र नाही. भाजीवाला तुम्हाला दोन बोटांत चोळतो, फुंकर मारतो; तोंड उघडलं की तुम्ही पास. हद्दपार मंडळी इतक्या मोकळेपणी बाजार करताना आम्ही प्रथमच पाहतो आहोत.

तुमची सेवा वाखाणण्याजोगी आहे. पावशेर मिरची एका पन्नीत, कोथिंबिरीची जुडी दुसरीत, आणि दोघींना सोबत म्हणून तिसरी. भावात दोन रुपये न सोडणारा माणूस तुम्हाला मात्र न मागता देतो. नको म्हटलं तर त्यालाच वाईट वाटतं.

आमच्या आजोबांना ही सुखं लाभली नाहीत. त्यांच्याकडे कापड दुकानाचं नाव छापलेली एक थैली होती. बाजार करून करून तिचा बंद तुटला, तेव्हा ती बियाण्याला लागली. विरली तेव्हा चुलीपुढचं फडकं झाली, आणि शेवटी गोधडीत जाऊन बसली. एका थैलीने चार जन्म काढले. शहरात याला आता शाश्वत जीवनशैली म्हणतात म्हणे. आजीला कुणी सांगितलं असतं, तर तिने आधी विचारलं असतं, ‘मग ती गोधडी वाळत कुणी घालायची?’

तुमचा मात्र एकच जन्म, पण अमर. बाजारातून घरी, घरातून उकिरड्यावर, उकिरड्यावरून शेणखताच्या गाडीत बसून थेट हळदीच्या सरीत. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मातीशी नातं असल्याशिवाय ते मिळत नाही. या न्यायाने खरा हक्क तुमचा. हळद आठ-नऊ महिन्यांत काळ्या जमिनीतून निघते, कढईत शिजते, बाजारात जाते. तुम्ही कुठेच जात नाही. दरवर्षी नांगरटीला फाळाला लटकून वर येता, ख्यालीखुशाली विचारता आणि पुन्हा मातीत जाता.

बाकी, तुमच्यावर राग नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय कधी आलाच नाहीत. आम्हीच हात हलवत बाजारात जातो. खिशात मोबाइल असतो, पाकीट असतं, पुडी असते. घडी घातली की मुठीत मावणारी थैली तेवढी जड होते. मग घरी येऊन तुम्हाला शिव्या देतो आणि चूल पेटवायला तुम्हालाच आत घालतो. धूर डोळ्यांत गेला की सरकार काही करत नाही, असं म्हणतो.

तरी तुम्हाला पूर्वसूचना द्यावी म्हणून कळवतो. दाराजवळच्या खिळ्याला, गाडीच्या चावीशेजारी, मी एक थैली टांगली. पहिल्या बाजाराला चावी घेतली, थैली खिळ्यालाच राहिली. दुसऱ्या बाजारालाही तेच. तेव्हापासून चावी थैलीच्या तळाशी टाकून ठेवतो. आता थैलीत हात घातल्याशिवाय गाडी हलत नाही. कायद्याला जे जमलं नाही, ते एका खिळ्याला जमतंय की काय, अशी शंका येते आहे. सांभाळून असा.

कळावे, लोभ कमी व्हावा ही विनंती.

आपला,
हात हलवत बाजारात येणारा एक (माजी) गिऱ्हाईक

ता. क. : पत्र संपवताना आठवलं, दही आणायचं आहे. दही थैलीत येत नाही. कडीचा डबा माळ्यावर कुठेतरी असेल. तो सापडेपर्यंत एकदाच या.