सांगाडा चालेल, कंदील चालणार नाही

अमेरिकेत घर घेतलं की घरासोबत तीस वर्षांचं कर्ज येतं, दर आठवड्याला कापायचं गवत येतं आणि एचओए येते. कर्जाची आणि गवताची कल्पना आधीपासून असते. एचओएची, म्हणजे होमओनर्स असोसिएशनची ओळख मात्र सह्या करायच्या दिवशी होते. एक जाडजूड चोपडी पुढे सरकवली जाते, ‘इथे, इथे आणि इथे सही’ असं गोड आवाजात सांगितलं जातं, आणि आपल्या दाराला कुठला रंग शोभतो हे ठरवण्याचा हक्क आपण पाच अनोळखी शेजाऱ्यांच्या हवाली करून मोकळे होतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायचं तर ही आपली हाउसिंग सोसायटीच. फक्त तिथे भांडण पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून होतं, इथे गवताच्या उंचीवरून आणि कचऱ्याचा डबा किती वाजता आत नेला यावरून. अशा साडेतीन लाखांहून अधिक संघटना या देशात आहेत आणि सात कोटींहून जास्त माणसं त्यांच्या अमलाखाली नांदतात. जगाला स्वातंत्र्य शिकवायला निघालेल्या या देशात नागरिकाला आपल्याच घरावर आपल्याच देशाचा झेंडा लावता यावा, म्हणून 2006 साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला. तोवर झेंडा लावू द्यायचा की नाही हा समितीचा विषय होता.

तर आमच्या टेक्सासमधल्या वसाहतीच्या नियमांत सणासुदीच्या सजावटीचं एक कलम आहे. दिव्यांच्या माळा थँक्सगिव्हिंगपासून 15 जानेवारीपर्यंत. हॅलोविनची सजावट 1 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर. बाकी वर्षभर घराने सभ्य दिसावं, म्हणजे बेज दिसावं. कलम लिहिणाऱ्याच्या मनात कुणाविषयी काही वाकडं नव्हतं. त्याच्या घरी जी दिनदर्शिका भिंतीवर होती, ती बघून त्याने लिहिलं. पण त्यातून एक गंमत झाली. थँक्सगिव्हिंग येतं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे 22 तारखेच्या आत कधीच नाही. आणि आपली दिवाळी, अधिक महिना धरून ओढूनताणून कितीही उशिरा आणली तरी नोव्हेंबरच्या मध्याच्या पुढे जात नाही. म्हणजे या कलमाप्रमाणे दिवाळीत दिवा लागण्याची शक्यता शून्य आहे. एखाद्या वर्षी नव्हे, कायमची.

2025 ची दिवाळी ऑक्टोबरात होती आणि आई सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे होती. विकतचा प्लॅस्टिकचा कंदील तिला मंजूर नव्हता. इंडियन स्टोअरमध्ये बांबूच्या कामट्या मिळत नाहीत, म्हणून तिने कबाबाच्या काड्या मागवल्या, मैद्याची खळ शिजवली, जिलेटीन पेपर सुरतेहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून मिळवला आणि तीन दिवस जेवणाचं टेबल अडवून अष्टकोनी कंदील उभा केला. खाली पांढऱ्या शेपट्या. आत पिवळा बल्ब. वसुबारसेच्या संध्याकाळी तो पोर्चमध्ये लागला.

समोरच्या घराच्या लॉनवर तेव्हा बारा फुटी सांगाडा उभा होता. होम डेपोने हा सांगाडा 2020 साली बाजारात आणला, किंमत 299 डॉलर, आणि तेव्हापासून अमेरिकेची उपनगरं त्याच्यासाठी वेडी झाली आहेत. शेजाऱ्यांनी त्याच्या पायाशी थर्माकोलची सात थडगी मांडली होती, जमिनीतून दोन हात वर काढले होते आणि झाडाला एक प्रेत उलटं टांगलं होतं. दाराशी भुताचा आवाज काढणारं यंत्र. कुणी जवळून गेलं की ते किंचाळायचं. आईने पहिल्या दिवशी विचारलं, “यांच्याकडे कोण गेलं रे? भेटायला जायला हवं.”

चौथ्या दिवशी पत्र आलं. मला. सांगाड्याला नाही.

‘कर्टसी नोटीस’ असं त्याचं शीर्षक होतं. सोबत आमच्या पोर्चचा रंगीत फोटो, कंदिलाभोवती लाल वर्तुळ. व्यवस्थापन कंपनीचा माणूस महिन्यातून दोनदा गाडीतून न उतरता फोटो काढत हिंडतो, त्याचं हे काम. फोटोच्या कडेला समोरच्या सांगाड्याची पोटरी आली होती. वर्तुळ तिला टाळून काढलं होतं. मुदतीपूर्व हॉलिडे लायटिंग, दहा दिवसांत उतरवावी, अन्यथा दंड.

आता टेक्सासमध्ये या बाबतीत कायदा आहे, आणि तो कसा वाढत गेला ते बघण्यासारखं आहे. 2011 साली विधिमंडळाने ठरवलं की घरमालकाला दाराच्या चौकटीवर धार्मिक वस्तू लावता येतील, पण सगळ्या मिळून 25 चौरस इंचांपेक्षा मोठ्या नकोत. म्हणजे पाच इंच बाय पाच इंच. एवढ्या जागेत आपला गणपतीसुद्धा सोंड आवरून बसला असता, तोरणाचा तर विषयच नको. 2021 साली ती इंचांची मोजपट्टी गेली आणि दाराबाहेर, अंगणातही धार्मिक वस्तू मांडायला मोकळीक मिळाली. मी मोठ्या उत्साहाने त्या कायद्याचा हवाला देऊन उत्तर पाठवलं.

व्यवस्थापक बाईंचा फोन आला. अत्यंत सौजन्याने बोलल्या. कंदील धार्मिक आहे हे त्यांना मान्य होतं. “पण आतला बल्ब?” बल्ब हा लायटिंगच्या कलमात येतो. सारांश, कंदील आत्ता लावता येईल आणि त्याच्यात उजेड थँक्सगिव्हिंगनंतर पाडता येईल. म्हणजे पाडव्याला काळोख आणि नाताळात कंदील. हा तोडगा त्यांना पूर्ण समाधानकारक वाटत होता.

मी आईला विचारलं, कंदील नक्की कशासाठी लावतात ते एकदा नीट सांग, लिहून द्यायचंय. ती म्हणाली, “अरे, कार्तिकातला आकाशदिवा तो. पितरांना वाट दिसावी म्हणून लावतात.” मी हे इंग्रजीत जसंच्या तसं लिहिलं: मृत पूर्वजांच्या आत्म्यांना मार्ग दाखवण्यासाठी दारात टांगलेला दिवा.

दोन दिवसांत मंजुरी आली. हॅलोविनच्या कलमाखाली.

समितीच्या मते मृतात्म्यांशी संबंधित प्रकाशसजावट ही ऋतुमानाला अनुसरून होती. पत्राच्या शेवटी ‘क्रिएटिव्ह’ असा शेराही होता. आईला हे सांगायचं धाडस घरात कुणी केलं नाही. सौ.चं म्हणणं पडलं की मिळालंय ते गुमान घ्या. पुढे फराळाला समोरचे गृहस्थ आमच्याकडे आले, चकली खाल्ली, कंदिलाकडे कौतुकाने बघितलं आणि विचारलं, “याचा आवाज कसा चालू करायचा?”

अमेरिकेत सजावटीवरून कोर्टाची पायरी चढणारे लोकही आहेत. आयडाहो राज्यात एका कुटुंबाने नाताळात दोन लाख दिवे लावायचं ठरवलं, पुढे उंटही आणला, आणि एचओएशी भांडण जुंपलं. 2018 साली ज्यूरीने कुटुंबाला 75 हजार डॉलर भरपाई दिली, 2019 साली न्यायाधीशाने तो निकाल फिरवला, 2024 साली अपील न्यायालयाने प्रकरणातला काही भाग पुन्हा सुनावणीसाठी पाठवला. फ्लोरिडाने त्याच 2024 साली कायद्यात लिहून टाकलं की दिवे मुदतीनंतर राहिले म्हणून लगेच दंड करायचा नाही, आधी लेखी नोटीस द्या आणि वर एक आठवडा थांबा. माळ कधी उतरवावी हा घरातला नवरा-बायकोचा वाद तिथे आता राज्याच्या कायद्यात जाऊन बसला आहे. आणि हा सगळा ताप ज्याने सुरू केला, तो एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन. 1882 साली त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर 80 विजेचे दिवे लावले. त्याला एचओए नव्हती. असती तर रंगीत बल्ब नकोत, पांढरेच लावा, असं पत्र आलंच असतं.

सरकारी पातळीवर दिवाळीला मान मिळतो, पण तोही कसा? न्यूयॉर्क शहराने 2023 साली शाळांना दिवाळीची सुट्टी जाहीर केली. सत्कार झाले, पेढे वाटले गेले. त्या वर्षीची दिवाळी रविवारी होती.

आता कुणी म्हणेल, आपली माणसं समितीवर गेली की सगळं सुधारेल. आमच्याकडे एक मराठी गृहस्थ गेले वर्षभर समितीवर आहेत. पुण्यात वीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, गच्चीवर पापड वाळत घालण्याच्या वेळा त्यांनी ठरवून दिल्या होत्या. इथे समितीवर गेल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी सजावटीचा ठराव मांडला. आम्ही आशेने ऐकत होतो. ठराव असा: ड्राइव्हवेवरची रांगोळी 24 तासांत पाण्याने धुऊन काढावी, ठिपके सममित असावेत. एकमताने मंजूर. लाल वर्तुळं काढण्याची आवड ही काही गोऱ्यांची मक्तेदारी नाही. उलट आपल्याकडे त्या कामाचा अनुभव जास्त.

खरी अडचण पुढेच आहे. 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. हॅलोविनची मुदत 7 तारखेला संपते. म्हणजे ऐन धनत्रयोदशीला पितरांचा कंदील अधिकृत, दुसऱ्या दिवशीही अधिकृत, आणि लक्ष्मी यायच्या संध्याकाळी बेकायदा. मी समितीला मुदत एक आठवडा वाढवून मागितली. उत्तर आलं की त्यासाठी नियमदुरुस्ती लागेल, नियमदुरुस्तीला सभासदांची मतं लागतील, आणि मागच्या तीन वार्षिक सभा गणसंख्येअभावी झालेल्याच नाहीत.

हे मात्र खरं आहे. आमच्या वसाहतीत चारशे घरं, त्यांतली साठ-सत्तर आपल्या लोकांची. सभेला येतात अकरा जण, त्यांतले पाच समितीचेच. उरलेल्यांत दोघे कुत्र्यांच्या विष्ठेवर बोलायला येतात. बाकी सगळे व्हॉट्सॲपवर ‘काय हा अन्याय’ म्हणून हात जोडलेल्या बाहुल्या टाकतात आणि पोस्टाने आलेला प्रॉक्सी फॉर्म कुपनांबरोबर रद्दीत टाकतात.

तेव्हा टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, जिथे कुठे असाल तिथल्या मंडळींना विनंती. या वर्षी तो फॉर्म उघडा, सही करा आणि पाठवा. सभेला गेलात तर उत्तमच. आणि सजावटीच्या कलमात ‘थँक्सगिव्हिंगपासून’ असं जिथे लिहिलं असेल, तिथे ‘1 ऑक्टोबरपासून’ एवढी दुरुस्ती सुचवा. अनुमोदनाला एक माणूस आधीच बोलून ठेवा. तो सेक्रेटरी राहिलेला नसावा.